बॅटरीचं भाडं तीन वर्षं भरलं, आता हिशोब लिहून टाकतो

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला गेलो तेव्हा बॅटरी वेगळ्या कागदावर असते हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे टॉर्चचे सेल वेगळे घेतो तसलं काही नाही, बॅटरी गाडीच्या पोटातच असते, तीन-चारशे किलोचं धूड, बोल्ट मारून सील लावलेलं, पण कागदावर ते तुमचं नसतं, ते असतं एका फायनान्स कंपनीचं आणि तुम्ही त्याच्यावर बसून फिरता आणि फिरल्याचे पैसे देता. शोरूममधल्या पोराने हे फार गोड करून सांगितलं. "सर, पेट्रोलच्या गाडीत आठ वर्षांचं पेट्रोल कोणी आधी भरून ठेवतं का? मग बॅटरीचे पैसे आधी कशाला?" मला हे वाक्य तेव्हा इतकं आवडलं की घरी येऊन बायकोला जसंच्या तसं ऐकवलं. ती म्हणाली, "अरे, पण बॅटरी म्हणजे पेट्रोल नाही ना, बॅटरी म्हणजे टाकी." मी म्हटलं तुला त्यातलं टेक्निकल कळत नाही. ती तिथेच बरोबर होती, हे मला कळायला तीन वर्षं लागली.

आकडे सांगतो, पण खऱ्या पैशात नाही, कारण दर सगळीकडे वेगळे आणि दर सहा महिन्यांनी बदलतात, मग कोणीतरी येऊन म्हणतं आमच्याकडे तर एवढ्याला मिळते. त्यामुळे असं समजा की बॅटरीसकट पूर्ण गाडी १०,००० नाण्यांची. बॅटरी भाड्याने घेतली तर तीच गाडी ७,००० ला. म्हणजे बॅटरीची किंमत धरली ३,०००. भाडं १०० किलोमीटरला ३ नाणी. वीज साधारण १०० किलोमीटरला १ नाणं. त्याच मापाची पेट्रोल गाडी १०० किलोमीटरला ५ नाण्यांचं पेट्रोल पिते. झालं, ३ अधिक १ म्हणजे ४, पेट्रोलपेक्षा १ कमी, आणि वर गाडी स्वस्तात दारात. ह्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? मी तरी नाही म्हटलं नाही.

सही करायच्या दिवशी दोन गठ्ठे आले. गाडीचा पातळ, बॅटरीचा जाड. जाड गठ्ठ्यात कुठेतरी मध्ये एक ओळ होती की दरमहा किमान १,५०० किलोमीटरचं भाडं आकारलं जाईल. मी विचारलं हे काय, तर पोरगा म्हणाला, "सर, दिवसाला पन्नास तर सहज होतात, कोणालाही विचारा." मी मनात हिशोब केला, ऑफिस येऊन-जाऊन बेचाळीस, शनिवार-रविवारचं इकडेतिकडे, हां होतील की. सही केली. करार ९६ महिन्यांचा, म्हणजे ८ वर्षं.

पहिले दोन महिने खरंच १,५०० च्या आसपास झाले कारण नवीन गाडी, कोणाला भाजी आणायची असेल तरी मीच निघायचो. मग ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला सांगितलं आणि गाडी मुकाट उभी राहायला लागली. मीटरवर महिन्याला ९०० च्या वर आकडा जाईना. बिल मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला ४५ नाणी, ठोक. १,५०० किलोमीटरचं ४५. म्हणजे मला १०० किलोमीटर ३ ला नाही, ५ ला पडत होते. अधिक वीज १. सहा. पेट्रोलची गाडी ५ ला जात होती.

हे ज्या रात्री लक्षात आलं त्या रात्री मी लॅपटॉप उघडून एक्सेल करायला बसलो, जे की सही करायच्या आधी करायला हवं होतं हे मला माहिती आहे, कृपया कोणी सांगू नका.

तर एक्सेलमध्ये पहिलीच गोष्ट दिसली ती अशी की किमान भाडं धरलं तर ह्याला भाडं म्हणायचं कारणच उरत नाही. दरमहा ४५, गुणिले ९६, झाले ४,३२०. तीन हजारांच्या वस्तूसाठी आठ वर्षांत ४,३२०, हे सरळ सरळ कर्ज झालं. मग त्याचा व्याजदर काढला, साधारण ९.७ टक्के निघाला. बरं, पण कर्ज फिटलं की वस्तू आपली होते, इथे आठ वर्षांनी बॅटरी त्यांचीच राहणार. आठ वर्षांच्या बॅटरीला समजा ६०० नाणी येतील, कारण गाडीतून काढल्यावरही ती सोलरची वीज साठवायला वगैरे चालते, अगदी भंगार नसते. ते ६०० धरले की दर जातो थेट १२ टक्क्यांवर. आणि मला त्याच वेळी बँक गाडीसाठी ८ टक्क्यांनी कर्ज देत होती. ३,००० वर ८ टक्क्यांनी ९६ महिन्यांचा हप्ता किती येतो काढून बघितला तर ४२.४. मी परत केला. ४२.४ च. म्हणजे बॅटरी विकत घेऊन तिचा हप्ता भरला असता तर तो भाड्यापेक्षा कमी होता आणि शेवटी बॅटरी माझी झाली असती.

मग मी स्वतःलाच समजावलं की नाही, भाड्यात आपण जोखमीचे पैसे देतोय, बॅटरी खराब झाली तर त्यांची डोकेदुखी, आपली नाही. आणि इथे दुसरा बांबू. विकत घेणाऱ्याला पण बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी होती, क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून किंवा दुरुस्त करून देणार. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना साधारण एवढीच असते, काहींना ह्याहून जास्त. मग मी कुठल्या जोखमीचे पैसे भरतोय? जी जोखीम कंपनीने आधीच उचललेली आहे ती मी परत एकदा फायनान्सवाल्याला विकतोय का? ह्या प्रश्नाला मला अजून नीट उत्तर कोणी दिलेलं नाही.

आणि अजून एक, हे मला सगळ्यात जास्त टोचलं. भाडं किलोमीटरवर आहे, पण माझी बॅटरी किलोमीटरने म्हातारी होतच नव्हती. ५० किलोवॅट-अवरची, म्हणजे विजेची ५० युनिट साठवणारी एलएफपी बॅटरी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, एका फुल चार्जमध्ये खरंखुरं ३०० किलोमीटर. माझे महिन्याला ९०० म्हणजे तीन फुल चार्ज. वर्षाला ३६. आठ वर्षांत २८८. एलएफपीला दोन-तीन हजार सायकल, म्हणजे पूर्ण चार्ज होऊन रिकामं व्हायच्या फेऱ्या, काही विशेष नाही. म्हणजे माझ्या चालवण्याने ती झिजणार नव्हतीच, झिजणार होती कॅलेंडरने, कारण लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी तिची क्षमता हळूहळू कमी होते, त्यात ऊन आणि सतत फुल चार्ज असेल तर जास्त. मी रोज ५० किलोमीटर हाणली असती किंवा नुसती पार्किंगमध्ये झाकून ठेवली असती तरी आठ वर्षांनी फार मोठा फरक पडला नसता. म्हणजे झीज वर्षांची आणि मीटर किलोमीटरचा!

तरी मी तेव्हा काही केलं नाही. म्हटलं चाललंय, गाडी छान आहे. गाडी खरंच छान होती, ते वेगळं सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल मी इलेक्ट्रिक गाडीच्या विरोधात आहे. अजिबात नाही. परत पेट्रोलकडे जाणार नाही.

एक कबुली पण देऊन टाकतो. बॅटरी आपली नाही म्हटल्यावर मी तिची काळजी घ्यायचं सोडून दिलं. तासाच्या भाड्याची सायकल कोणी पुसून परत देतं का? तसंच. भर उन्हात लांबून आलो की लगेच फास्ट चार्जर, १०० टक्के करून चार दिवस उभी, मनाला काही वाटायचं नाही. एलएफपीला अधूनमधून १०० पर्यंत चार्ज करावंच लागतं, कारण तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं आणि गाडीला किती चार्ज उरलाय ह्याचा अंदाज चुकायला लागतो, ते बरोबरच आहे, पण मी करत होतो ते त्यासाठी नाही, आळसाने. आता भाडं लावणारी कंपनी काय मूर्ख आहे का, तिला हे माहितीच असतं. त्यामुळे माझ्यासारखे सगळे बॅटरी वाईट वापरणार असं गृहीत धरूनच भाडं ठरतं आणि मग जो नीट वापरतो तो बिचारा माझे पैसे भरतो. तो कोण असेल त्याला सॉरी.

दुसऱ्या वर्षी अपघात म्हणावा असा नाही पण एक प्रकार झाला. रस्त्यात पडलेला दगड गाडीखाली घासला. आवाज असा आला की पोटात गोळा आला. खाली वाकून मोबाईलच्या टॉर्चने बघितलं तर बॅटरीच्या खालच्या कव्हरला हातभर लांब चरा आणि एका कोपऱ्यात पोचा, नखाने चाचपला तर आत गेलेला कळत होता. गाडी चालत होती, डॅशबोर्डवर लाल-पिवळं काही नाही, तरी भीती म्हणून वर्कशॉपला नेली. तिथला फोरमन म्हणाला, कव्हर काढून बघायला लागेल. मी म्हटलं काढा. तो म्हणाला, "साहेब, बॅटरी तुमची नाही. मालकाची परवानगी लागेल." मालक म्हणजे फायनान्स कंपनी. तिला मेल केला. तिने सर्व्हेयर पाठवतो म्हटलं. इन्शुरन्सवाल्याने आपला वेगळा सर्व्हेयर पाठवला. आणि हे पण तेव्हाच कळलं की इन्शुरन्सचा प्रीमियम मी पूर्ण गाडीवर भरत होतो, बॅटरीसकट, म्हणजे जी वस्तू माझी नाही तिचा विमा माझ्या खर्चाने. गाडी अकरा दिवस वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी. अकराव्या दिवशी कव्हर काढलं, आत सेलला काही झालेलं नव्हतं, कव्हर बदललं, दोन तासांचं काम. त्या महिन्याचं भाडं ४५ नाणी पाच तारखेला बरोबर कापलं गेलं. किमान आकार ना.

त्या अकरा दिवसांत रिकामा होतो म्हणून रात्री ह्याच विषयाचा पाठलाग करत बसलो की बाबा ही कल्पना मुळात आली कुठून. तर ही जुनी आहे. बेटर प्लेस म्हणून एक कंपनी होती, शाय अगासीने २००७ मध्ये काढलेली, इस्रायल आणि डेन्मार्कमध्ये त्यांनी गाडी लोकांना विकली आणि बॅटरी स्वतःकडे ठेवली, किलोमीटरचं पॅकेज घ्या आणि बॅटरी संपली की आमच्या स्टेशनवर येऊन काही मिनिटांत बदलून घ्या. कल्पना झकास, पण स्टेशनं उभी करण्यात एवढा पैसा गेला आणि गाड्या इतक्या कमी विकल्या गेल्या की मे २०१३ मध्ये दिवाळं. गुंतवणूकदारांचे ८० कोटी डॉलरहून जास्त पैसे बुडाले. गाडी लोकांच्या दारात तशीच आणि बॅटरी एका बुडालेल्या कंपनीची, त्या लोकांचं काय झालं असेल ह्या विचाराने मला झोप येईना, माझी फायनान्स कंपनी बुडाली तर?

मग रेनोची झोए. युरोपात सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी ही गाडी बॅटरीच्या भाड्यासकटच मिळायची, भाडं किती किलोमीटर चालवणार त्याच्या स्लॅबवर. त्या काळी त्यात अर्थ होता, हे कबूल करावं लागेल. बॅटरी तेव्हा इतकी महाग होती की तिच्यासकट गाडीची किंमत ऐकून माणूस शोरूममधून पळून गेला असता, आणि बॅटरी किती वर्षं टिकते हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं ह्याला खरंच किंमत होती. पुढे लोकांना कळलं की बॅटरी टिकते, मग विकत घ्यायचा पर्याय आला आणि हळूहळू भाडं मागे पडलं. पण त्या जुन्या गाड्या सेकंड हँड बाजारात आल्या तेव्हा मजा झाली, गाडी स्वस्त दिसते म्हणून बघायला जावं तर सोबत भाड्याचा करार चिकटलेला.

आणि एक केस वाचून तर मी उठून बसलो. जर्मनीत बॅटरी भाड्याने देणाऱ्या एका फ्रेंच बँकेच्या करारात असं कलम होतं की करार संपवल्यावर बँक दूरवरूनच बॅटरीचं चार्जिंग बंद करू शकते. म्हणजे गाडी तुमची, उभी तुमच्या दारात, पण प्लग लावला तरी चार्ज होणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने ते कलम रद्द ठरवलं, कारण बॅटरी बंद केली की भाडेकरूची स्वतःची अख्खी गाडीच निकामी होते आणि कोर्टात जायचा भार पण त्याच्यावरच पडतो. मी लगेच माझा जाड गठ्ठा काढला. असंच एक वाक्य माझ्यात पण होतं, "थकबाकी राहिल्यास चार्जिंग सुविधा मर्यादित करण्याचा अधिकार." मी सही केली तेव्हा मला ते फास्ट चार्जिंगच्या कार्डाबद्दल वाटलं होतं.

चीनमधल्या नियो ह्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचं गणित मात्र मला आवडलं. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी बॅटरी वेगळी करायची योजना आणली, गाडी ७०,००० युआनने स्वस्त आणि महिन्याला ९८० युआन भाडं. ७०,००० भागिले ९८० म्हणजे ७१ महिने, सहा वर्षांत बॅटरीचे पैसे वसूल, नंतरचं भाडं निव्वळ त्यांचं. पण तिथे एक खरी वस्तू मिळते, स्टेशनवर जाऊन बॅटरी बदलता येते, लांबच्या प्रवासाला मोठी घेता येते, म्हणजे तुम्ही कुठल्या एका बॅटरीला बांधलेले नाही. आणि बॅटरी स्वस्त झाली तेव्हा मार्च २०२४ मध्ये त्यांनी तेच भाडं ७२८ युआनवर आणलं. ७०,००० भागिले ७२८, ९६ महिने. हा आकडा बघून मी हसलो, माझाच करार.

फरक एवढाच की त्यांचं भाडं खाली आलं, माझं नाही. आणि बॅटरी केवढी स्वस्त झाली बघा, ब्लूमबर्गएनईएफ ही ऊर्जा बाजाराचा अभ्यास करणारी संस्था दरवर्षी सर्व्हे करते त्यात २०१० ला एका किलोवॅट-अवरला १,००० डॉलरच्या वर असलेला पॅक २०२४ ला ११५ डॉलरवर आला होता. मध्ये २०२२ ला लिथियम महागलं म्हणून एक वर्ष चढली होती, बाकी घसरगुंडीच. शोरूममध्ये मला सांगितलं होतं की टेक्नॉलॉजी बदलली, स्वस्त झाली तर तुम्हाला टेन्शन नाही, बॅटरी तुमची नाहीच. हे खरं कधी ठरतं? जेव्हा तुम्ही बॅटरी परत करून मोकळे होऊ शकता तेव्हा. माझ्या करारात परत करायची सोयच नव्हती. मध्येच संपवायचा तर उरलेलं मुद्दल अधिक ४ टक्के फोरक्लोजर भरा. म्हणजे बॅटरी बिघडायची जोखीम वॉरंटीने घेतली, भाव पडायची जोखीम माझ्याकडेच राहिली, आणि फायनान्स कंपनीने घेतलं काय तर दरमहा ४५.

ह्या सगळ्यावर एका मित्राशी भांडण झालं. तो तीच गाडी टॅक्सी म्हणून चालवतो, भाड्याच्याच बॅटरीवर, महिन्याला ३,००० किलोमीटर. तो म्हणाला तू रडतोस, मी खूश आहे. मी म्हटलं अरे तू तर महिन्याला ९० भरतोस, आठ वर्षांत ८,६४०, म्हणजे जवळजवळ तीन बॅटऱ्यांचे पैसे! तो शांतपणे म्हणाला, "माझे १,६०,००० किती दिवसांत होतात काढ." काढले. साडेचार वर्षं पण नाही. म्हणजे त्याची वॉरंटी तिथे संपते आणि पुढची साडेतीन वर्षं बॅटरी गेली तर त्याच्या करारात ती बदलून देणं फायनान्सवाल्यावर आहे, त्याला एक दिवसही गाडी बंद ठेवणं परवडत नाही. शिवाय ३,००० एकरकमी त्याच्याकडे नव्हते आणि बँक त्याला ८ टक्क्यांनी दारातही उभं करत नव्हती. आणि पेट्रोलच्या ५ समोर त्याचे ४, महिन्याला ३० नाणी वाचतात, रोख, खिशात. मी गप्प बसलो. तरी माझं मत असं आहे की त्याला मीटरऐवजी ठोक भाडं मिळायला हवं होतं, आणि त्याचं मत असं आहे की मी आधी वाचायला शिकावं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्हाला मोठी गाडी घ्यायची म्हणून ही विकायला काढली. पहिला माणूस आला, गाडी आवडली, चक्कर मारली, आणि परत येऊन म्हणाला, "मग बॅटरी कोणाची?" मी समजावून सांगायला सुरुवात केली आणि त्याचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, मी शोरूममधल्या पोरासारखा बोलतोय असं माझं मलाच वाटायला लागलं. दुसऱ्याला करार ट्रान्सफर करून घ्यायची तयारी होती, ३,३०० नाणी देतो म्हणाला, त्याचे कागद पाठवले, तीन आठवड्यांनी फायनान्स कंपनीने त्याला नाकारलं. कारण दिलं नाही. म्हणजे माझी गाडी मी कोणाला विकायची हे दुसराच ठरवणार.

तिसरे एक काका आले, रिटायर्ड, सोबत छोटी डायरी. ते स्वच्छ म्हणाले, "बॅटरीसकट द्या, तर ५,८००. भाड्याबिड्याच्या भानगडीत ह्या वयात पडायचं नाही." आणि त्यांनी खिशातून एक ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र, काढला, स्टीअरिंगखाली खोचला, मोबाईलवर एसओएच म्हणजे बॅटरीची तब्येत बघितली. ९४ टक्के. माझ्या त्या सगळ्या आळशीपणानंतर पण ९४. काकांनी डायरीत लिहून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्ही फार जपून वापरलेली दिसते." मी हो म्हटलं.

मग फोरक्लोजरचं स्टेटमेंट मागवलं. उरलेलं मुद्दल २,१३६, त्यावर ४ टक्के ८५, एकूण २,२२१. आता गंमत बघा, त्याच सुमारास कंपनीने नव्या गाडीची किंमत उतरवली होती आणि नव्या गाडीत बॅटरीचा भाग आता २,४०० धरत होते. म्हणजे तीन वर्षं जुनी बॅटरी मी २,२२१ ला घेत होतो आणि कोरी करकरीत २,४०० ला होती. मी फोन करून विचारलं, तर पलीकडची बाई अतिशय नम्रपणे म्हणाली की सर, स्टेटमेंट शेड्यूलप्रमाणे आहे, बाजारभावाचा संबंध नाही. भाडं असतं तर असता संबंध. कर्जाला नसतो. त्या एका वाक्यात तिने माझं सगळं एक्सेल सांगून टाकलं.

भरले. काकांना गाडी दिली. रात्री शेवटचा हिशोब केला तो असा की तीन वर्षांत भाडं १,६२० आणि वर २,२२१ म्हणजे ३,८४१ दिले, ३,००० च्या बॅटरीसाठी. ८४१ जास्त. बँकेचं कर्ज काढून घेतली असती तर तीन वर्षांचं व्याज ६१८ गेलं असतं. फरक २२३ नाणी. बँकेनेही कर्ज आधी फेडण्याचे थोडे लावले असते, मग फरक दीडशेच्या घरात. पूर्ण गाडीच्या किमतीच्या दीड-दोन टक्के. म्हणजे मी एवढं लिहिलं तेवढा मोठा लुटला गेलो नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, आकडा बघून मीच थोडा हिरमुसलो, मला वाटलं होतं मोठं घबाड निघेल. पण त्यात ते अकरा दिवस, परत गेलेले गिऱ्हाईक आणि तीन आठवडे ट्रान्सफरच्या कागदांमागे फिरणं धरलेलं नाही. आणि मी करार आठ वर्षं चालू ठेवला असता तर शेवटी हातात बॅटरीही नसती.

नवीन गाडीच्या वेळी परत तेच कोटेशन आलं, भाड्याचं आणि विकतचं शेजारी शेजारी. बायकोने माझ्या हातातून कागद घेतला आणि तीनच गोष्टी पेनने गोल केल्या, महिन्याला किमान किती किलोमीटर, मध्येच सोडली तर काय, आणि बॅटरी परत करता येते का. समोरच्या माणसाला तिसऱ्याचं उत्तर माहिती नव्हतं, तो आत विचारायला गेला आणि बराच वेळ आला नाही. आम्ही बॅटरीसकट घेतली.

जुन्याचं एक शेपूट राहिलं होतं. करार बंद, एनओसी हातात, काका गाडी फिरवतायत, आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून परत ४५ नाणी कापली. ऑटो डेबिट कोणी बंदच केलं नव्हतं. चार फोन, दोन मेल, तीन आठवड्यांनी परत आले. व्याज अर्थातच नाही.